दीड मिनिट गाणं, अकरा मिनिटं भाषण

मी एक कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, पांढऱ्या प्लास्टिकची, आता हस्तिदंतासारखी पिवळी पडलेली. जबलपुरात मदन महलजवळच्या एका घरात, कुंदाबाईंच्या लोखंडी कपाटात राहते. आणि आधीच सांगून टाकते, मला श्रीपादराव आवडत नाहीत. ते कुंदाबाईंचे यजमान.

माझा जन्म कारखान्यात झाला असेल, पण मी तो जन्म मानत नाही. सिविल लाइंसच्या एका शाळेत कुंदाबाई भूगोल शिकवायच्या. तिथे संगीत शिकवायला स्पेनहून आलेली एक सिस्टर होती. मधल्या सुट्टीत ती एक गाणं गुणगुणायची. कुंदाबाई डबा उघडा ठेवून ऐकत बसायच्या. सिस्टर कायमची मायदेशी निघाली तेव्हा तिने ते गाणं माझ्यावर भरून त्यांच्या हातात दिलं.

"अर्थ काय हो याचा?" कुंदाबाईंनी विचारलं.

सिस्टर लाजली. "प्रेमाचं आहे," एवढंच म्हणाली. "आमच्याकडे माझ्या आजीच्या लग्नात वाजलं होतं. अजून वाजतं."

गाणं चार मिनिटांचं. एक पुरुष गातो, मागे गिटार, आणि शेवटाकडे एक बाई त्याच्या आवाजात हळूच आपला आवाज मिसळते. बाकी मी कोरीच होते. कुंदाबाईंनी माझ्या वरच्या कडेची प्लास्टिकची बारीक खूण नखाने मोडून टाकली. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

मग मी रोज वाजू लागले. कुकरच्या शिट्ट्यांत, वह्या तपासताना, केस विंचरताना. शेजारच्या विनता भिंतीपलीकडून ओरडायच्या, "भाभी, वो वाला लगाओ ना!" एक शब्द कळत नव्हता त्यांना. दूधवालासुद्धा माप हातात धरून शेवटपर्यंत उभा राहायचा. का, ते मलाही माहीत नाही. मी नुसती फीत आहे. पण त्या बाईचा आवाज आला की माणसं हातातलं काम थांबवायची, एवढं मी पाहिलंय.

श्रीपादराव तेवढे थांबत नसत. ते शस्त्रांच्या कारखान्यात चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे, होते. त्यांना घरात आल्यावर चपला काढायच्या आधी पाणी लागायचं. "काय रडून राहिला तो माणूस?" ते म्हणायचे. "समजत तर काही नाही. काहून ऐकतेस?" कुंदाबाई पाणी द्यायच्या, पण गाणं संपल्यावर. ते त्यांना सहन होत नसे.

मेघना, त्यांची मुलगी, तिसरीत होती त्या वर्षी गावातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत श्रीपादरावांना भाषण करायचं होतं. तालीम करून स्वतःचा आवाज ऐकावा म्हणून त्यांनी मला काढलं. कुंदाबाई शाळेत होत्या. श्रीपादरावांनी मला लावलं, गाणं सुरू झालं. दीड मिनिट त्यांनी ऐकलं. मग बटण दाबून मला बाहेर काढलं आणि मोडलेल्या खुणेच्या भोकावर चिकटपट्टी लावली. ते भोक बुजवलं की कॅसेटवर पुन्हा भरता येतं. पुढे माझी सव्वीस मिनिटांची फीत कोरी पडली होती. दुसरी बाजू तर सबंध कोरी होती. मला पुढे सरकवायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? त्यांनी तिथूनच भरलं.

"आदरणीय अध्यक्ष महोदय..."

त्या बाईचा आवाज माझ्यावरून गेला तो गेलाच.

संध्याकाळी कुंदाबाईंनी मला लावलं. मग बाहेर काढून ती चिकटपट्टी बोटाने चाचपली.

"चुकून झालं," श्रीपादराव म्हणाले.

"चिकटपट्टी चुकून लागत नाही," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत.

त्या दिवसापासून मी हत्यार झाले. घरी पाहुणे आले, कारखान्यातले साहेब आले, मेघनाला बघायला मुलाकडचे आले, की कुंदाबाई मला लावायच्या. पाहुणे गाण्यात रमायचे, माना हलवायचे, आणि ऐन ओळीत खट्ट! "आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावर उपस्थित मान्यवर..." लोक पोट धरून हसायचे. श्रीपादराव कप खाली ठेवून आत जायचे. त्यांनी मला दोनदा माळ्यावर फेकलं. कुंदाबाईंनी दोन्ही वेळा शोधून काढलं आणि कपाटाला कुलूप लावलं. घरात बोलणं उरलं ते एवढंच: "वाढलंय." "बिल भरलं." तीस वर्षं.

गेल्या वर्षी श्रीपादरावांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता ते पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहितात. फोनवर ते जन्मभर नुसते हुंकार देत आले. मेघनाच्या लग्नाच्या व्हिडिओत बँडच्या कल्लोळात त्यांचे फक्त ओठ हलतात. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. माझ्याकडे.

मेच्या सुट्टीत नात आली, समिधा. एका दुपारी तिच्या फोनवर तेच गाणं वाजलं. कुंदाबाईंच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"अरे आजी, ये तो सब जगह चल रहा है! सगळे रील करून राहिले यावर. बहुत पुराना गाना है."

तेवढ्यात श्रीपादरावांनी पाटी पुढे केली. त्यावर लिहिलं होतं: 'टेप दे. माझा आवाज ऐकायचा आहे.'

कुंदाबाईंनी ते वाचलं. मग म्हणाल्या, "देते. आधी हे गाणं ऐका. सबंध. उठायचं नाही."

ते बसले. समिधाने गाणं पहिल्यापासून लावलं. दीड मिनिट झालं, दोन झाली. मग ती बाई आली. तीस वर्षांनी कुंदाबाईंनी तिला ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आजी, मतलब बताऊँ? इथे लिहिलेला आहे."

"नको," त्या म्हणाल्या. "अर्थावाचून माझं काही अडलं नाही."

गाणं संपल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि मला लावलं. माझी दीड मिनिटं झाली, आणि मग त्यांचा आवाज आला. मंडळाच्या खुर्च्या, सभागृहाचे पत्रे, वर्गणीदारांचे आभार. अकरा मिनिटं. श्रीपादराव गळ्यावरच्या पट्टीला हात लावून ऐकत होते. समिधाने रेकॉर्ड करायला फोन पुढे केला, तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

मग पाटीवर लिहिलं: 'किती कंटाळवाणं बोललो.'

"तीस वर्षं ऐकून राहिले मी," कुंदाबाई म्हणाल्या.

श्रीपादरावांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं: 'पुसून टाक. तुझं गाणं भर.'

"पुसायची सवय तुमची आहे," त्या म्हणाल्या. "माझी नाही."

आणि मला कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

मैत्री झाली म्हणाल, तर नाही. त्या तोंडाने भांडतात, ते पाटीवर. माझी फीत जागोजागी चुरगळली आहे, कधी यंत्रात अडकून तुटेल सांगता येत नाही. माझ्या गाण्याला आता माझी गरज नाही, ते गल्लीगल्लीत वाजतंय. गरज आहे ती त्या आवाजाला, ज्याने माझं गाणं खाल्लं. मी त्याला माफ केलेलं नाही. पण सांभाळतेय. म्हणून एकच विनंती: मला हसण्यासाठी लावू नका. आता फार वेळा वाजणं मला झेपणार नाही.