एबो लेन्स का विकतोय

एबो क्वान्सानं आपल्या दोन्ही जड लेन्स कोजोच्या स्टुडिओतल्या काउंटरवर ठेवल्या आणि किंमत सांगितली, तेव्हाच कोजोला पहिली शंका आली. किंमत बाजारभावाच्या निम्मी होती. एबो समुद्रकाठच्या फान्ते जमातीचा माणूस. कुमासी शहरात येऊन तो तिथल्या आसांते जमातीच्या लोकांच्या अंत्यविधींचे फोटो काढायचा, म्हणजे कोजोचाच धंदा करायचा, आणि इतक्या वर्षांत त्यानं कोजोला कधी उसनी बॅटरीसुद्धा दिली नव्हती.

"मान दुखते रे," एबो म्हणाला. "गळ्यात मुसळ बांधून फिरल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाला, सोड आता."

"कुठला डॉक्टर?"

"माझा डॉक्टर."

"आणि मला काय मान नाही?"

"तू आसांते. तुमच्या माना जन्मापासून ताठच असतात."

कोजोनं टॉर्च लावून काचेत बुरशी शोधली. नव्हती. ओरखडा नव्हता. कानाशी धरून हलवलं, काही खुळखुळलं नाही. फोकसची कडी हातानं फिरवायची होती, आणि ती लोण्यातून सुरी जावी तशी फिरत होती. लेन्सचं तोंड तर एवढं मोठं, की मंडपाखालच्या अंधारातही फ्लॅश लागू नये. एकूण काहीच दोष सापडला नाही; म्हणजे तो बराच आत असणार.

"शनिवारी वापरून बघतो, मग ठरवतो," कोजो म्हणाला. एबो आता आढेवेढे घेईल, अशी त्याची खात्री होती.

"ने की," एबो म्हणाला. "पैशांची काय घाई आहे?"

ही दुसरी शंका. ती पहिलीपेक्षा मोठी होती.

घरी अदवोआनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लेन्सना हात न लावता त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. "माविसचे बाबा, चोरीच्या असतील."

"अगं, वर्षानुवर्षं त्याच्याच गळ्यात बघतोय."

"मग काहीतरी करून आणल्या असतील. फान्त्यांचा भरवसा नाही."

"तुझी आजी फान्ते होती."

"म्हणूनच सांगतेय ना!"

शनिवारी जुने कोको व्यापारी ओपान्यिन डोंकोर यांचा अंत्यविधी होता. आपल्याकडे माणूस गेला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, रडणं आणि घर कुणाचं हा वाद. बायको म्हणते माझ्या मुलांचं, बहीण म्हणते माझ्या मुलांचं, कारण रिवाजानं वारसा मामाकडून भाच्यांना जातो. दोन्ही बाजू लाल-काळ्या कापडात समोरासमोरच्या मंडपांत बसतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत फोटोग्राफर फिरतो. कोजोचं पोट या मोकळ्या जागेवरच चालायचं. तो कुणाच्या खिशात नाही, असं सगळे मानत, म्हणून दोन्ही बाजू त्यालाच बोलवायच्या. एवढी एक अब्रू सोडली, तर त्याच्याकडे विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

डोंकोरची थोरली बहीण मामे पोकुआ घरासमोर खुर्चीत बसली होती. कोजोनं जड लेन्स लावली, तिचं तोंड पूर्ण उघडलं आणि कडी फिरवू लागला. धुक्यातून हळूहळू चेहरा वर आला. एकेक सुरकुती दिसायला लागली आणि एका सुरकुतीत अडकलेला थेंब दिसला. पडावं की न पडावं, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. कोजो आयुष्यभर अंत्यविधींत डोकी मोजत आला होता. चेहरा आज बघत होता. मागे दारात डोंकोरची विधवा आफिया उभी आहे, हे त्याला खरंच दिसलं नाही.

लेन्सचं तोंड लहान केलं असतं, तर तीही स्पष्ट आली असती. पण तोंड मिटूनच वापरायची, तर एवढं वजन गळ्यात कशाला घ्यायचं?

दुपारी रिवाजाप्रमाणे ओसरीवर प्रिंटर लागला आणि फोटो दोरीवर लटकले. पाहुणे आपापलं तोंड शोधून विकत घेऊ लागले. आफियाचा भाऊ सार्पोंग एक प्रिंट चिमटीत धरून आला.

"दारात ही कोण आहे?"

"तुमची बहीण."

"मला तर धूर दिसतोय. नवऱ्याच्या घराच्या दारात उभी असलेली बायको घरासकट पुसून टाकलीस तू! पोकुआच्या पोरांनी किती दिले?"

"साहेब, ही लेन्सच अशी आहे. एकावरच फोकस बसतो."

"आणि तो एक तू निवडलास."

कोजोनं निवडला होता, हे खरंच होतं.

गर्दी पांगल्यावर मामे पोकुआ काठी टेकत आली. फोटो डोळ्यांशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. "मी मेल्यावर पोस्टरवर हाच लाव," ती म्हणाली. "पोरांना विचारू नकोस. ती गाडीजवळ उभं राहून काढलेला लावतील."

रविवारी आभाराच्या प्रार्थनेला सगळे पांढऱ्या-काळ्यात आले. कोजोनं जड लेन्स घरी ठेवल्या होत्या. जुनी हलकी लेन्स, वर फ्लॅश, आणि अख्खं गोत घरासमोर रांगेत. आफिया स्पष्ट, दार स्पष्ट, दाराची कडीसुद्धा स्पष्ट. झालेल्या चुकीची भरपाई झाली, असं त्याला वाटलं.

मग पोकुआचा थोरला मुलगा ड्वामेना त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेऊन गेला. "काल बाई जिथं असायला हवी तिथं, धुरात होती. आज कडीकोयंड्यासकट दारात उभी. मधल्या वेळात कोण भेटलं तुला, दादा?"

दोन्ही घराण्यांचं त्या दिवशी पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं. कोजो विकला गेला आहे. कुणाला, एवढाच मतभेद उरला. चाळिसाव्या दिवसाच्या विधीचं काम एबोला मिळालं.

कोजो लेन्स घेऊन थेट एबोकडे गेला. एबो केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि मासळी खात होता.

"कोण पुसलं गेलं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"विधवा."

"माझ्या वेळी कुळप्रमुख."

"म्हणजे तुला माहीत होतं! सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुला? तू म्हणाला असतास, फान्ते काहीतरी लपवतोय."

हे इतकं बरोबर होतं, की कोजोला राग आला. त्यानं खिशातून पैशांचं पाकीट काढून मासळीच्या ताटाशेजारी ठेवलं. "घे. दोन्ही ठेवतोय मी."

वाटेत त्याचं ठरलं होतं. म्हातारी माणसं धडधाकट असतानाच गाठायची, एकेकटी, पोस्टरसाठी. मागे कुणीच नसेल, तर पुसलं जाणार कोण? आणि तो थेंब त्याच्या डोळ्यांसमोरून अजून हलला नव्हता.

एबोचा घास हातातच राहिला. "भाव नाही केलास?"

"नाही."

"काम गेलं, शिव्या खाल्ल्यास, आणि वर भाव नाही केलास." त्यानं पाकीट बोटानं मागे सरकवलं, हात पुसले आणि एक लेन्स ओढून घेतली. खिडकीशी नेऊन आत डोकावला, कानाशी धरून हलवली.

"कोजो, खरं सांग," तो म्हणाला. "काय सापडलं तुला ह्यात?"

"एक म्हातारी."

"मस्करी नको!" एबो म्हणाला, आणि टॉर्च शोधायला आत गेला. जाताना दुसरी लेन्सही त्यानं काखेत मारली.