नागपूरहून न आलेला पार्ट

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. जुनी वस्तू आपली हकीकत सांगायला बसली की ऐकणारे आधीच रुमाल काढून ठेवतात. तो परत खिशात ठेवा. मला सांगायचं आहे ते माझ्या मालकांबद्दल, आणि खरं म्हणजे त्यांच्या दोन पायांबद्दल.

माझे मालक अनंतराव घाटंजीच्या तहसील कार्यालयात कारकून होते, पुढे अव्वल कारकून झाले. तीस वर्षांपूर्वी त्यांनी मला यवतमाळहून आणलं. तेव्हा माझा रंग आकाशी होता आणि मागे लावलेल्या स्टेपनीवर चकचकीत आवरण होतं. शोभाताईंनी माझ्या दिव्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि चाकापाशी नारळ फोडला. कार्यालयासमोर सायकलींच्या रांगेत मी उभी राहिले की लोक थांबून बघत. अनंतरावांना ते फार आवडायचं. दर रविवारी ते मला स्वतःच्या हाताने पुसत, घरातल्या कुणाला हात लावू देत नसत.

मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! गव्हाची पोती वाहिली, गॅसचे सिलिंडर वाहिले, दरवर्षी गणपती आणला. त्यांची मुलगी गौरी पुढे उभी राहून शाळेत गेली, कॉलेजात मागे बसून गेली, आणि लग्नानंतर माहेरी आली तेव्हा तिला बसस्थानकावरून आणायलाही मीच गेले. सुरू करायच्या आधी मला एका बाजूला कलंडवावं लागतं. आमच्या वयाच्या सगळ्यांचीच ही खोड आहे. बिघडले की पुलापलीकडच्या अब्दुल गनी मिस्त्रींकडे जायचं. तीस वर्षांत माझ्या नटाला दुसऱ्या मिस्त्रीचा पाना लागलेला नाही.

फार लाडाने मूल बिघडतं म्हणतात. आमच्याकडे मालकच बिघडले, आणि लाड करणारी मी होते. कोपऱ्यावरचा पानठेला घरापासून साठ पावलांवर. तिथे जायलासुद्धा अनंतराव मला बाहेर काढत. थंडीत मी सहा-सात किकांशिवाय सुरू होत नसे, तेवढ्या वेळात माणूस पान खाऊन घरी आला असता! निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहिली आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं. अनंतराव आज्ञाधारक माणूस. दुसऱ्या दिवसापासून ते आणि त्यांचे मित्र बबनराव गुरुजी माझ्यावर बसून मैदानावर जाऊ लागले. तिथे अर्धी फेरी मारायची, बाकावर बसून राजकारण बोलायचं आणि येताना गरम कचोरी खायची. डॉक्टरांनी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचं, "रोज जातो. एक दिवस खाडा नाही."

मग महागावहून निरोप आला. अनंतरावांच्या थोरल्या भावाचा पाय साखरेमुळे घोट्यापासून काढावा लागला होता. नवरा-बायको भेटून आले. दोन दिवस अनंतरावांनी कचोरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पुन्हा कचोरी. त्याच आठवड्यात शोभाताईंना फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. ते अनंतरावांच्या डाव्या अंगठ्याचे होते. चप्पल लागून अंगठा कापला गेला होता आणि साखरेने पाय बधिर झाल्यामुळे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी जखम बरी केली आणि स्पष्ट सांगितलं, तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊवर आहे, औषध घ्या, चांगले बूट घ्या आणि चाला, नाहीतर भावाच्या वाटेने जाल.

अनंतरावांनी बूट घेतले. ते बूट घालून ते माझ्यावर बसले.

त्या दिवसांत मी क्लचच्या वायरसाठी गनीभाईंकडे होते. दुपारी शोभाताई एकट्या चालत गॅरेजवर आल्या.

"गनीभाऊ, एक काम होतं. त्याइची स्कूटर बिघडवून द्या."

गनीभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "तौबा, वहिनी! जिंदगी गेली गाड्या सुधरवण्यात. बिघडवणं नाही शिकलो मी."

"मग सुधरवू नका. ठेवून घ्या. काही बी सांगा त्याइले." शोभाताईंनी माझ्या सीटवर हात ठेवला. "तिकडे जेठाचा पाय गेला, भाऊ. माह्या घरात आता ते मले पाहाचं नाही."

गनीभाई खूप वेळ पाना पुसत बसले. मग त्यांनी माझ्यावर ताडपत्री टाकली.

संध्याकाळी अनंतराव न्यायला आले. गनीभाई म्हणाले, "साहेब, गिअरबॉक्सचा पार्ट गेला. नागपूरहून मागवला. जुनी गाडी, माल लवकर भेटत नाही." माझा गिअरबॉक्स ठणठणीत होता. मला वाचा असती तर मी तिथेच ओरडले असते. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता!

आता अनंतरावांचा स्वभाव बघा. कार्यालयात त्यांनी हजारो लोकांना "उद्या या" सांगितलं होतं, त्यामुळे त्या शब्दांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फोनवर माणूस टोलवतो, समोर उभं राहिल्याशिवाय काम होत नाही, असं त्यांचं पक्कं मत. म्हणून पार्टाची चौकशी करायला ते रोज संध्याकाळी पाच वाजता स्वतः येऊ लागले. घरापासून गॅरेज दोन किलोमीटर. जायचं पायी आणि यायचंही पायी, कारण गाडी तर माझ्याच रूपाने अडकून पडली होती.

पहिल्या दिवशी ते वाटेत पाच वेळा बसले. गॅरेजवर पोचले तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. "गनीभाई, काय करून राह्यले तुम्ही? माहे पाय तुटले ना!" गनीभाईंनी स्टूल पुढे केला, बिनसाखरेचा काळा चहा दिला आणि सांगितलं, "उद्या पाहा, साहेब." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी ताडपत्रीच्या फटीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, उद्या काही हे येत नाहीत. पण ते आले. कुरकुरत आले, गनीभाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आले, पण आले.

आणि मित्रांनो, माणसाचं शरीर काय अजब यंत्र आहे! मी चार महिने उभी राहिले तर माझी चाकं बसायला लागली. अनंतरावांनी मात्र वयाच्या पासष्टीत, तीस वर्षं न वापरलेले पाय बाहेर काढले, आणि ते पाय कुरकुरत का होईना, सुरू झाले. ना तेल, ना ग्रीस, ना नागपूरचा पार्ट. पंधरा दिवसांनी ते वाटेत दोनदाच बसले. महिन्याने एकदाही नाही. कंबरपट्ट्याला नवं भोक पाडायला ते गनीभाईंकडूनच दाभण घेऊन गेले. मी आयुष्यभर माझ्या वेगाचा तोरा मिरवला, पण त्या वाकड्यातिकड्या चालीपुढे मला माझं काहीच वाटेना.

बबनराव गुरुजींची मैदानावरची स्वारी बंद झाली, तेव्हा तेही "एकटा कायले जातो, मी बी येतो" म्हणत सोबत निघाले. मग शोभाताई निघाल्या, मग गल्लीतल्या आणखी चौघी. पुलाच्या कडेच्या पायवाटेवर रेतीचे ढीग पडलेले असत आणि बायकांना वाहनांच्या रस्त्यावर उतरावं लागे. स्कूटरवरून जाताना अनंतरावांना ते कधी दिसलं नव्हतं. आता दिसलं. त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला, खाली सत्तावीस सह्या घेतल्या आणि पार्टासारखाच त्याचाही रोज पाठपुरावा केला. तीन आठवड्यांत वाट मोकळी झाली. आता तिथून शाळेची मुलं जातात, काठी टेकत म्हातारी माणसं जातात.

मला गंजू द्यायला गनीभाई तयार नव्हते. दर शुक्रवारी दुपारी, नमाजाला जायच्या आधी, ते ताडपत्री काढून मला सुरू करत आणि पाच मिनिटं चालू ठेवत. अनंतराव संध्याकाळी येणार, त्यामुळे धोका नव्हता.

एका शुक्रवारी ते दुपारीच आले. हातात तपासणीचा कागद होता. तीच सरासरी साखर पावणेसातवर आली होती! प्रयोगशाळेतून ते घरीसुद्धा गेले नव्हते, आधी गनीभाईंना दाखवायला धावत निघाले होते. आणि गॅरेजच्या बाहेर त्यांनी माझा आवाज ऐकला. शंभर गाड्यांत तो त्यांना ओळखू येतो. माझं दुर्दैव असं की मीच सगळं उघडं पाडलं.

"किती दिवसांपासून चालू आहे ही?" त्यांनी विचारलं.

गनीभाईंनी मान खाली घातली. "बिघडलीच नव्हती, साहेब. पार्ट कधी मागवलाच नाही. वहिनी येऊन गेलत्या."

"चार महिने!" अनंतराव ओरडले. "चार महिने तुम्ही दोघांनी मले उल्लू बनवलं! बाजारातून रोज येरझारा घालत होतो मी, लोक हासत होते." त्यांनी कागद बाकावर आपटला, मला ओढून घेतलं आणि माझ्यावर बसले. मी घरघरत होते. मला कळत होतं की हे आता गेले तर पुन्हा पायी येणार नाहीत. रागाने नेलेली गाडी कुणी परत सोडत नाही. बंद पडावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, पण गनीभाईंनी मला इतकं नीट ठेवलं होतं की बंद पडायची सोयच नव्हती.

"घेऊन जा, साहेब. गाडी तुमची आहे," गनीभाई म्हणाले.

गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. पडदा सारून त्यांच्या पत्नी हुस्नाबी बाहेर आल्या.

"न्या भाई, पण एक ऐकून जा. याइची बी शुगर आहे, दोनशे ऐंशी. तुमाले चालवलं, आन् स्वतः मशिदीत जायले लोकाइच्या गाड्या काढतात, ट्रायल म्हणून. मी बोलून बोलून थकली. मी कोनाकडे जाऊ पार्ट लपवाले?"

अनंतरावांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. टाचा झिजल्या होत्या. मग गनीभाईंच्या पायांकडे पाहिलं. सुजलेले घोटे चपलेच्या पट्ट्यातून वर आले होते. हळूच त्यांनी मला बंद केलं, किल्ली काढली आणि आपल्या खिशात टाकली.

"गाडी इथंच राहीन," ते कार्यालयातल्या आवाजात म्हणाले. "आन् आजपासून तुम्ही माह्यासंगं चालाचं. रोज. एक दिवस चुकला, तर ही गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे टाकतो."

गनीभाईंचा चेहरा पडला. शिव्या खाल्ल्या असत्या, पण दुसरा मिस्त्री! "साहेब, माझे घोटे..."

"माहे बी पाय तुटलेच होते. उठा, जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली."

दोघं निघाले. कोपऱ्यापर्यंत जाता जाता गनीभाई दोनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा अनंतरावांनी त्यांच्या दंडाखाली हात घातला आणि ते सावकाश पुढे गेले. हुस्नाबी दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या.

त्याला आता वर्ष होत आलं. गनीभाईंची साखर उतरली आहे, घोट्यांची सूज गेली आहे. मला मात्र महिनोन्महिने कुणी बाहेर काढत नाही. मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल, पण जवळच्या कामाला गाडी काढण्याआधी एकदा आपल्या पायांना विचारा. माझ्यावर गंज चढला तर मिस्त्री तो काढतो. पायांवर चढलेला गंज काढणारा मिस्त्री मला एकच माहीत आहे, आणि तो हल्ली संध्याकाळी पाच वाजता गॅरेजमध्ये सापडत नाही.