विचारून ठेवलेला हात

एकलहऱ्याच्या शिवारात कुंदनची दीड एकर फुलशेती होती. १९९६च्या मे महिन्यात तो आणि त्याचा थोरला भाऊ समाधान विहिरीतला गाळ काढायला उतरले आणि एका बाजूची माती खचली. कुंदन छातीपर्यंत गाडला गेला. समाधान त्याच्याही खाली होता. लोकांनी अडीच तासांनी कुंदनला बाहेर काढलं. समाधानला काढलं, तेव्हा तो गेलेला होता.

कुंदनच्या मोडलेल्या फासळ्या पावसाळ्यात भरून आल्या. पण तो आडवा झोपेना. भिंतीला पाठ टेकून बसायचा आणि डोळा लागला की दचकून उठायचा. खांदे सदा वर चढलेले, जबडा आवळलेला. मागून कुणाचा हात लागला तर अंगावर धावून जायचा. त्याची बायको सुवर्णा ताटसुद्धा लांबूनच सरकवायची. अंगारे झाले, झोपेच्या गोळ्या झाल्या. शेवटी ती नाशिक रोडला भिमाजीतात्यांकडे गेली.

भिमाजी तालमीत पहिलवानांची मालिश करायचे. साठी उलटली होती, तरी त्यांच्या अंगठ्याखाली भलेभले कळवळत. आखडलेलं अंग दाबल्याशिवाय सुटत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी कुंदनच्या घरी येऊन त्याला आतल्या खोलीत सतरंजीवर बळेबळे पालथं झोपवलं, तेल घेतलं आणि नेहमीप्रमाणे पायापासून सुरुवात केली. घोट्याला हात लागताच कुंदनने अशी लाथ झाडली की भिमाजी भिंतीवर आदळले. कुंदन कोपऱ्यात जाऊन बसला. तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता.

"माफ करा तात्या," सुवर्णा म्हणाली. "ते असे नव्हते."

"त्याचं काय चुकलं नाय," भिमाजी कोपर चोळत म्हणाले. पण मनातून ते दुखावले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून कुणी उठून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कुंदनच्या फासळ्यांवर उपचार केलेल्या डॉक्टरांना भेटले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"माणूस बाहेर आलाय, पण त्याच्या अंगाला अजून आपण मातीखालीच आहोत असं वाटतंय," ते म्हणाले. "तिथं त्याचं काही चालत नव्हतं. तुम्ही जे कराल ते त्याच्या मर्जीनं करा. थांबा म्हणाला की थांबा."

पुढच्या खेपेला भिमाजी अंगणात, उघड्यावर, कुंदनच्या समोर बसले. तेलाची वाटी त्यांनी बाजूला ठेवली.

"आज मी हात लावणार नाय," ते म्हणाले. "कधी लावायचा, कुठं लावायचा, ते तू सांग."

कुंदन त्या वाटीकडे बघत बसला. तीन खेपा अशाच गेल्या. चौथ्या वेळी त्याने उजवा हात पुढे केला.

"धरू?"

त्याने मान हलवली. भिमाजींनी त्याच्या तळव्यावर आपला तळवा ठेवला. "तू हात काढलास की मी थांबणार."

कुंदनने लगेच हात काढून घेतला. भिमाजी थांबले. त्याने पुन्हा हात दिला, पुन्हा काढला. सात-आठ वेळा हेच चाललं. हा माणूस आपला शब्द तपासून बघतोय, हे भिमाजींच्या ध्यानात आलं आणि ते तितक्या वेळा थांबले.

त्यांना हे सोपं गेलं नाही. गाठ लागली की अंगठा आपोआप रुतायला बघायचा. ते स्वतःला आवरायचे. हातावरून कोपरापर्यंत, कोपरावरून खांद्यापर्यंत यायला थंडी उजाडली. दर वेळी समोरून, आधी सांगून, कुंदन हो म्हणेपर्यंत थांबून. एका दुपारी त्यांच्या हाताखाली त्याचा खांदा हळूच खाली आला. कुंदनला लांब जांभई आली आणि तो बसल्या बसल्या झोपला. सुवर्णा दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

पायाचं नाव मात्र भिमाजींनी काढलं नाही. फेब्रुवारीत एकदा कुंदन स्वतःच म्हणाला, "तात्या, पाय."

भिमाजींनी दोनदा विचारलं. मग घोट्याखाली नुसता तळवा ठेवला. कुंदनचा पाय ताठला, पण त्याने तो काढून घेतला नाही.

"काढू का?"

"नको," तो म्हणाला. "दादानं इथंच धरलं होतं. मातीखालून. मी घाबरून जिवाच्या आकांतानं पाय ओढला. मग पकड सुटली. माझ्यामुळं सुटली, का त्याचा जीव गेला म्हणून, ते मला कळत नाय."

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. कुंदन रडत होता तोवर भिमाजींनी हात तिथंच राहू दिला.

त्यानंतर कुंदन कुशीवर झोपू लागला, दिवा चालू ठेवून. विहिरीकडे तो फिरकत नसे. पाण्याची मोटर सुवर्णाच चालू करायची. चैत्रात त्याने भिमाजींना विचारलं, "सिन्नरला याल का?" समाधानची बायको मंजुषा तिथं माहेरी राहत होती. दहाव्यानंतर कुंदन तिला भेटला नव्हता.

दोघं एसटीने गेले. भिमाजी बाहेर ओट्यावर बसले. कुंदनने आत सगळं सांगितलं, पायासकट. मंजुषा हातातलं धान्याचं सूप तसंच धरून ऐकत राहिली.

"म्हणजे शेवटी त्यांच्या हाताला कुणाचा तरी पाय लागला होता," ती म्हणाली. "मला वाटायचं, अंधारात एकटेच गेले."

"वहिनी, मी पाय ओढला."

"ऐकलं, भावजी. त्यावर आज मला काही बोलता येणार नाय." ती उठून मागल्या दारी गेली. परत आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. "त्या तात्यांना आत बोलवा," ती म्हणाली. "दोन भाकरी टाकते."