फुगलेला षटकोन

मी एक लाकडी फळी बोलतोय. जेवायच्या पाटाएवढी. माझ्या पोटात दहा खड्डे आहेत: गोल, चौकोन, त्रिकोण, चांदणी, अधिक चिन्ह, अर्धगोल, शंकरपाळ्यासारखा तिरका चौकोन, लांबट चौकोन, अंडाकृती आणि षटकोन. त्यांत बसणारे दहा सुटे तुकडेही माझेच. समोरच्याने तुकडे जमेल तितक्या लवकर जागच्या जागी बसवायचे आणि कोणीतरी शेजारी घड्याळ घेऊन बसायचं, एवढाच खेळ. पण याला खेळ म्हणू नका, मला राग येतो. मी चाचणी आहे. कॉलेजात मला फॉर्म बोर्ड म्हणतात.

माझा जन्म घाटकोपरच्या एका सुताराच्या गाळ्यात झाला. एकाच सागाच्या फळीतून आम्ही सगळे कापले गेलो, मीही आणि माझे दहाही तुकडे. तिथून अंधेरीच्या एका कॉलेजात आलो, मानवी विकास विभागाच्या प्रयोगशाळेत. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसा वाढतो, हे तिथल्या मुली शिकतात आणि त्यांच्या नादाने मीही थोडं शिकलो.

मला स्वतःला वाढ नाही. दहा खड्डे होते, दहाच राहिले. म्हणूनच असेल, वाढणाऱ्या माणसांचं मला भारी कुतूहल. दीड वर्षाचं मूल मला पाहिलं की चांदणी उचलतं आणि थेट तोंडात घालतं. तीन वर्षांचं मूल त्रिकोण गोलात घालू पाहतं आणि नाही गेला की माझ्यावरच चिडतं. सहा वर्षांचं घड्याळाकडे बघत बघत बसवतं. आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली? त्या आधी एकमेकींचे व्हिडिओ काढतात. नक्की कोणत्या दिवशी माणूस चांदणी तोंडात घालायचं सोडतो, हे मला अजून कळलेलं नाही. दिवसच्या दिवस मी त्यावर विचार केला आहे. कपाटात दुसरं काम तरी काय असतं?

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. एका जुलैत प्रयोगशाळेची खिडकी उघडी राहिली आणि खालच्या खणात मी रात्रभर भिजलो. सुकलो, पण माझा एक कोपरा आणि त्यातला षटकोन पूर्ववत झाले नाहीत. लाकूड त्याच्या रेषेला, म्हणजे अंगातल्या तंतूंना, आडवं फुगतं. त्यामुळे षटकोनाची रेषा माझ्या रेषेला जुळली तरच तो अलगद बसतो, नाहीतर अडतो. मुलींनी त्यावर सोपा उपाय काढला, अंगठ्याने दाबायचा. कट्ट आवाज झाला की झालं. मलाही त्याची सवय झाली होती.

यंदा मला अपूर्वाने घरी नेलं. दुसऱ्या वर्षाची मुलगी, हुशार, पण उतावळी. विनिता मॅडमनी वर्गाला काम दिलं होतं की प्रत्येक वयाचा एक माणूस घ्या, त्याला ही चाचणी द्या आणि जर्नलमध्ये निरीक्षण लिहा. "मोजमाप फक्त मुलांचं खरं धरायचं," मॅडमनी बजावलं होतं. "मोठ्यांचं फक्त बघायचं, कसं करतात ते. निष्कर्ष काढायचे नाहीत. आणि चाचणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही." अपूर्वाने शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

मरोळला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. आई, पप्पा म्हणजे राजेश, आणि आजोबा सहदेव. आजोबा मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत येऊन गिरणीच्या सुतारखात्यात लागले, गिरणी गेली तरी हातातली पटाशी काही गेली नाही. वय चौऱ्याहत्तर. रोज सकाळी बसने वर्सोव्याला जायचे, चंदर नावाच्या कोळी मित्राकडे. त्याच्या लाकडी होडीला कुठे भेग भर, कुठे फळी बदल, असं काम करायचे आणि दुपारी जेवायला घरी. त्यांच्या अंगाला वार्निश आणि सुकटीचा मिसळून वास यायचा. मला तो पहिल्याच दिवशी आवडला.

पण मी आलो तेव्हा घरात एक वाद पेटलेला होता. आठवड्यापूर्वी परतीच्या बसमध्ये आजोबांचा डोळा लागला. मरोळचा थांबा मागे पडला आणि ते उतरले थेट आरे कॉलनीत. फोनची बॅटरी संपलेली. तीन तास त्यांचा पत्ता नव्हता. शेवटी गोठ्यांजवळच्या एका थांब्यावर राजेशला सापडले. तेव्हापासून राजेशचं एकच पालुपद होतं, बाबांनी एकट्याने बाहेर जायचं नाही. आजोबा ऐकत नव्हते. दोघंही मालवणी, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. अपूर्वाची आई दोघांच्या मध्ये पोळ्या लाटत राही.

अशा घरात अपूर्वाने मला टेबलावर मांडलं. शेजारचा देवेश, वय सहा, पस्तीस सेकंदांत मोकळा झाला. षटकोन त्याने मुठीने ठोकला. मग अपूर्वा आजोबांकडे वळली.

"आजोबा, या ना. माझ्या प्रॅक्टिकलसाठी पाहिजे."

"माका कित्याक? मी काय बालवाडीत जातंय?" असं म्हणत आजोबा बसले मात्र. चष्मा पुसला. अपूर्वा म्हणाली, "जमेल तितक्या लवकर बसवा हं." आणि घड्याळ सुरू झालं.

नऊ तुकडे त्यांनी सावकाश बसवले. प्रत्येक तुकडा आधी अंगठ्याने चाचपायचा, मग ठेवायचा. दहावा षटकोन. ठेवला, अडला. मी म्हटलं, आता दाबणार. पण त्यांनी दाबला नाही. उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, उलटा केला, माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, अगदी डॉक्टर पोट तपासतो तसं. पुन्हा फिरवला. अपूर्वाची नजर घड्याळावर खिळलेली. मग त्यांनी रेषेला रेषा जुळवली आणि तुकडा नुसता सोडला. तो आपण होऊन आत गेला.

कट्ट झालं नाही. त्या जुलैनंतर पहिल्यांदाच मला कोणी न दुखवता पूर्ण केलं होतं. मला तर रडूच येणार होतं, पण लाकूड कुठलं रडतंय.

अपूर्वाने लिहिलं: "वय ७४. वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंद. हालचाली मंद. निर्णयक्षमता कमी झाल्याचे दिसते."

जर्नल टेबलावर उघडंच राहिलं आणि संध्याकाळी ते राजेशच्या हाती लागलं.

"बघा! मी बोलतो ते तुम्हाला पटत नाही ना? हे कॉलेजचं आहे. सहा वर्षांचा देवेश पस्तीस सेकंदांत करतो आणि तुम्हाला पावणेतीन मिनिटं. निर्णयक्षमता कमी, लिहिलंय इथे. उद्यापासून वर्सोवा बंद."

"पप्पा, ते तसं नाहीये..." अपूर्वा म्हणाली.

"तूच लिहिलंयस ना?"

आजोबांनी नातीकडे एकदाच पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. बसचा पास त्यांनी खिशातून काढून फ्रीजवर ठेवला आणि आत जाऊन बसले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. चोर माझ्या पोटात आरामात बसला होता. मी सव्वीस वर्षं माणसांची परीक्षा घेतली आणि माझ्याच खोडीचं खापर एका भल्या माणसाच्या माथी फुटलं. मला तोंड असतं तर त्याच क्षणी ओरडलो असतो.

पुढचे चार दिवस आजोबा खिडकीत बसून होते. हात मांडीवर. अधूनमधून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायचे, तेवढंच. चंदरचा फोन आला, तो स्पीकरवरच होता. "काय रं सहदेव, येत का नाय? होरी तशीच परली हाय, पान्यात कशी घालू?" आजोबा म्हणाले, "बरा वाटना नाय." खोटं बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. अपूर्वा दारात उभी राहून ऐकत होती.

पाचव्या दिवशी ती मला घेऊन कॉलेजात गेली. विनिता मॅडमनी जर्नल वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ही शेवटची ओळ कुठून आली?"

"वेळ खूप लागला, मॅडम."

"वेळ लागला हे तू पाहिलंस. कशात गेला ते पाहिलंस?"

अपूर्वाने नकारार्थी मान हलवली.

"चाचणी चालू असताना बोलायचं नाही, असं मी म्हटलं होतं. झाल्यावर विचारायचं नाही, असं कधी म्हटलं? माणूस समोर बसलेला असतो गं. विचारावं ना त्याला."

मी तिच्या पिशवीत होतो. परतताना ती इतकी भराभर चालली की माझे दहाही तुकडे खडखडत होते.

घरी राजेश नुकताच कामावरून आला होता. अपूर्वाने चपलाही काढल्या नाहीत. मला आजोबांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी तुम्हाला वेळ का लागला?"

आजोबांनी मान वर केली. "कोणी इचारल्यानच नाय."

"मी विचारते आता. सांगा ना."

त्यांनी षटकोन उचलला आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर तरतरी आली. "ह्यो बघ. तुकडो फुगलो हा. ह्येची रेषा अशी आणि फळीची अशी. आडवो घातलंस तरी जातलो, पण दडपून. दडपून बसवलेलो तुकडो बसलेलो नसता बाय, अडाकलेलो असता." आणि रेषा जुळवून त्यांनी तो सोडला. अलगद.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुझा काम होता. मध्ये कशाक बोलू?"

अपूर्वाचे डोळे भरून आले. तिने नाक पुसलं आणि मला उचलून राजेशसमोर आदळलं. "पप्पा, आता तुम्ही बसा."

"मला कुठे वेळ आहे?"

"पस्तीस सेकंद लागतात. देवेशला."

हे मात्र राजेशला झोंबलं. बाह्या सरसावून बसला. धडाधड नऊ तुकडे बसवले. षटकोन अडला तसा अंगठा लावला, मग मूठ. कट्ट! "बावीस सेकंद!" तो विजयाने म्हणाला.

"झकास. आता काढून दाखवा."

राजेशने नख घातलं. मला उलटं करून झटकलं. नऊ तुकडे जमिनीवर सांडले, षटकोन हलेना. पुन्हा आपटलं, माझ्या कमरेची वाट लागली. शेवटी तो स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आला.

"सुरी नको!" आजोबा ओरडले. इतक्या मोठ्याने ते त्या घरात बहुधा बऱ्याच वर्षांत बोलले नसावेत. त्यांनी मला हातात घेतलं, पालथं धरलं आणि पाठीवर तळहाताने इथे थोडं, तिथे थोडं असं थोपटलं. तान्ह्या मुलाला ढेकर काढायला थोपटतात ना, तसं. षटकोन त्यांच्या ओंजळीत आला.

राजेश सुरी हातात धरून तसाच उभा. मग खुर्चीवर बसला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"तीन तास, बाबा. आरेच्या रस्त्याला प्रत्येक थांब्यावर उतरून विचारत होतो मी. मला वाटलं... मला काय काय वाटलं."

आता मला उमगलं. तो दाबत होता ते रागाने नाही, भीतीने. माणसं घाबरली की अंगठा लावतात.

आजोबा म्हणाले, "चुकलंय त्या दिवशी. डोळो लागलो. खोटा कित्याक सांगू? म्हातारो झालंय मी. पण घरात बसवलंस तर माजे हात सुकतले रे झिला." मग म्हणाले, "येताना उभो रवान येतंय. मगे झोप कशी लागतली?"

"उभे नका राहू!" राजेश पटकन म्हणाला. "बसा. कंडक्टरला सांगून बसा. आणि फोन रोज मी चार्ज करीन." मग उठला, फ्रीजवरचा पास घेतला आणि वडिलांच्या खिशात ठेवला. हळूच.

अपूर्वाने जर्नलमधली शेवटची ओळ खोडली. दोन मिनिटं चाळीस सेकंद मात्र तसेच ठेवले, ते खरेच होते. खाली लिहिलं: "वेळ कशात गेला, ते विचारले. उत्तर पुढच्या पानावर." मॅडमनी तिला या कामात किती गुण दिले, ते मला माहीत नाही, पण ते पान त्यांनी वर्गात वाचून दाखवलं.

आज मी पुन्हा कपाटात आहे. विभागात नवा बोर्ड येणार आहे, प्लॅस्टिकचा, रंगीत. त्यात म्हणे काही फुगत नाही. येऊ दे. जुना गेल्याशिवाय नवा येत नाही, हेही या विभागात शिकवतातच. माणूस कसा वाढतो, ते मला पुरतं कळलं नाही. एवढं मात्र दिसलं की चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका माणसाची पावलं मंद झाली होती, डोळा लागत होता, आणि त्याच वर्षी माझी त्या जुलैपासूनची तक्रार ओळखणारा तोच एक निघाला.

तेव्हा एकच मागणं. मला टाकायची वेळ आली तर भंगारवाल्याला देऊ नका. अपूर्वाच्या पिशवीत घाला. सकाळच्या बसने मला वर्सोव्याला जायचं आहे. चंदरच्या होडीत कुठेतरी हातभर फळी कमी पडतेच. तिथे मला बसवायला आजोबांना कितीही वेळ लागू दे. मी मोजणार नाही.