मागच्या बाकावरचे मिस्त्री

"आय एन्जॉय टू ईट," मिस्त्री म्हणाले आणि चमचा बाईंच्या ओठांशी धरून थांबले.

बाई खिडकीकडे बघत होत्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही आणि तोंड असं मिटलेलं, जसं काही कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकली. मिस्त्रींनी पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. तशी बाईंची मान वळली. कपाळावर आठी चढली.

"एन्जॉयच्या पुढे टू लावलास? इंग लाव, इंग. एन्जॉय ईटिंग. डोकं घरी ठेवून येतोस का रे?"

बोलायला तोंड उघडलं होतंच. मिस्त्रींनी घास आत सरकवला.

"चुकलं, बाई."

"चुकणारच. मागच्या बाकावर बसून गप्पा हाण अजून."

आता या बाई म्हणजे मिस्त्रींची लग्नाची बायको. सगळा जन्म त्यांनी या घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या आणि मागच्या खोलीत मिस्त्रींनी पंपाच्या मोटारी दुरुस्त केल्या. मधे एक भिंत. इंग्रजीत म्हणे काही क्रियापदांच्या पुढे इंग लागतं, काहींच्या पुढे टू, आणि कुणाला काय ते पाठच करावं लागतं. पोरं तिथेच आपटायची. मग बाई उदाहरणं द्यायच्या, आणि उदाहरणाला घरचा माणूस होताच. ही अव्हॉइड्स बेदिंग, म्हणजे हे आंघोळ टाळतात. ही रिफ्यूजेस टू शेव्ह, म्हणजे यांना दाढी करायला नको. पोरं फिदीफिदी हसायची.

"कालच केली की दाढी," भिंतीपलीकडून मिस्त्री ओरडायचे.

"अहो, व्याकरणात नाही केलीत," इकडून उत्तर.

मिस्त्रींची शाळा चौथीतच सुटलेली. इंग लागलेल्या शब्दाला बाई जेरंड म्हणायच्या; हा जेरंड म्हणजे शाळा तपासायला येणारा कुणी साहेब असावा, असं त्यांना कितीतरी वर्षं वाटायचं. पण कानावर पडून पडून माणूस शिकतोच. त्यांचं सगळं इंग्रजी असं, स्वतःच्या तक्रारी ऐकून आलेलं.

मग बाईंना विसरण्याचा आजार लागला. आधी किल्ल्या गेल्या, मग गल्ली गेली, मग लेक गेली. शेवटी नवऱ्याचा नंबर. जन्मभर 'अहो' म्हणणारी बाई एका सकाळी म्हणाली, "तू कुणाचा रे?" मिस्त्री त्या दिवशी मोटारीत डोकं घालून बसले ते दिवेलागणीपर्यंत वर आले नाहीत. पुढेपुढे तर बाई बोलेनाशाच झाल्या.

एकदा दार उघडं दिसलं तशा रस्त्याकडे निघाल्या. मिस्त्रींनी हात धरला, हात जोडले, बस गं म्हणाले, ऐक गं म्हणाले. काही चालेना. शेवटी घाबरून तोंडाला येईल ते बोलले, "कीप टू सिट, बाई, कीप टू सिट."

बाई जागच्या जागी थांबल्या. "कीप सिटिंग," म्हणाल्या. मग आपणहून खुर्चीत जाऊन बसल्या आणि मिस्त्रींना समोर उभं करून चांगलं झापलं. कितीतरी महिन्यांनी बायको बोलत होती. मिस्त्री बोलणी खात होते आणि बाहीने डोळे पुसत होते.

तेव्हापासून मिस्त्री चुकायला लागले. बरोबर बोललं की बाई दगड, चुकलं की जाग्या. मग आंघोळीला एक चूक, औषधाला एक, झोपताना एक. काम करता करता मनात नवीन चुका जुळवायच्या. कधी चुकून बरोबर बोलून जायचे आणि स्वतःवरच चरफडायचे.

लेक भेटायला आली तेव्हा तिने चार दिवस हे पाहिलं. मग एका दुपारी बापाला मागच्या खोलीत गाठलं.

"बाबा, तुमचं वय काय, आईला उचलता काय. माझ्या घराजवळ अशा माणसांची चांगली सोय आहे. दिवसरात्र बाया असतात."

"त्या बाया इंग्रजीत चुकतात का?"

"चेष्टा नको, बाबा."

"चेष्टा कुठे करतोय. तिथे सगळ्या शिकलेल्या. नीट बोलतील. मग ती कुणाशी बोलणार?"

"तिला तुम्ही कोण ते तरी कळतं का?"

"मी ढ आहे एवढं कळतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तेवढंच कळत होतं."

लेक हसली आणि हसता हसताच रडायला लागली. शेवटी ठरलं. आई चूक पकडतेय तोवर इथेच राहील. पकडायची थांबली की लेक तिला घेऊन जाणार. मिस्त्रींनी शब्द दिला. लेक परत गेली आणि रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"पकडलं का आज?"

"पकडलं म्हणजे? कान उपटला."

पण हळूहळू एका चुकीवर भागेना. दोनदा चुकावं लागायचं, मग तीनदा. मिस्त्रींनी आवाज चढवला, चुका सोप्या केल्या. आठी यायची, पण उशिरा यायची.

आणि मग त्या संध्याकाळी मिस्त्री बाईंसमोर उभे राहिले.

"आय वॉन्ट गोइंग."

नवं पोरही हे चुकत नाही. वॉन्टला टू लागतो. बाई टॉवेलची घडी घालत होत्या. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"आय वॉन्ट गोइंग, बाई."

काही नाही. ठेवणीतली एकच चूक उरली होती. होपच्या पुढे टूच, तिथे इंग लावणाऱ्या पोराला बाई दाराबाहेर उभं करायच्या.

"आय होप सीइंग यू टुमॉरो." उद्या आपली भेट होईल अशी आशा आहे, असं त्यांना म्हणायचं होतं.

बाईंनी वर पाहिलं. चेहरा उजळला. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"नीट ऐका, बाई. होप सीइंग म्हटलं मी."

"बरोबर म्हटलंस. शाब्बास." बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. अख्ख्या संसारात मिस्त्रींना ही पहिली शाब्बासकी. "आता येतं तुला सगळं. उद्यापासून नाही आलास तरी चालेल."

मिस्त्री उभेच राहिले.

"जा ना घरी. आई वाट बघत असेल तुझी."

बाई सांगतात म्हटल्यावर जायला पाहिजे. मिस्त्रींनी चपला घातल्या, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. पायरीवर उभे असतानाच खिशात फोन वाजला.

"पकडलं का आज?"

"आज पास केलं तिने मला."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग लेक म्हणाली, "बाबा, रविवारी गाडी घेऊन येऊ?"

"ये. तिचे स्वेटर धुवून ठेवतो."

फोन ठेवला. समोरून माणसं जात होती, ओळखीच्या कुणी मान हलवली, मिस्त्रींनीही हलवली. मग वळून त्यांनी स्वतःच्याच घराची कडी वाजवली.

बाईंनी दार उघडलं. पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोण पाहिजे?"

मिस्त्रींनी घसा खाकरला. "पंपवाला आहे. मोटार बघायला बोलावलं होतं."

"या," बाई बाजूला झाल्या. "चपला तेवढ्या बाहेर काढा."

मिस्त्रींनी चपला काढल्या, कडेला नीट लावल्या आणि परक्याच्या घरात शिरावं तसं अंग चोरून आत गेले.