मोगऱ्याला वास होता

वलगावजवळच्या त्या मळ्यात हुकूम चालायचा शकुनच्या नाकाचा. मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली ती नाकाशी धरायची. तिने मान हलवली तरच टोपली अमरावतीला राजापेठेतल्या बाजारात जायची. नवऱ्याच्या, सहदेवच्या, नाकाला मळ्यात कुणी विचारत नव्हतं, कारण त्याच्या गालात कायम तंबाखू.

म्हणून काही वर्षांमागे ती म्हणाली, "या मोगऱ्याले वासच नाई," तेव्हा सहदेव चाचरत बोलला, "मले तं येते व."

"तंबाखू खाऊन नाक मेलं तुमचं. तुमाले काय समजते?"

मोगरा मुळासकट उपटला गेला. झेंडू लागला.

पुढे शकुनचं डोकं दुखायला लागलं. ऊन लागलं म्हणून कांदा फोडून झाला. फोडणी करपून धूर झाला तरी शकुन चुलीपुढे बसलेलीच. मग नजर अंधुक झाली, चष्मा बदलूनही सुधारेना. शेवटी सहदेवने तिला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

"मेंदूच्या आवरणाची गाठ आहे, मेनिंजिओमा," फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅन्सर नाही. बायांमध्येच जास्त दिसते, वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. खेड्यातल्या बाया डोळ्यांवर आल्यावरच येतात. तुमची गाठ नाकाच्या वर आहे. आधी वास गेला असेल."

 शकुन नवऱ्याकडे वळली.

"म्हंजे मोगऱ्याले वास होता?"

"होता व," सहदेव खाली पाहत म्हणाला.

ऑपरेशन झालं, डोकं दुखायचं थांबलं, नजर निवळली. वास मात्र परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. जीव वाचला म्हणून सगळं घर खूश होतं, शकुनही होती. तरी रोज पहाटे झेंडू तोडताना तिला मोगऱ्याची आठवण यायची. एकदा, एकदाच तो वास यावा, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

सहदेवने न विचारता पुन्हा मोगरा लावला. उन्हाळ्यात पहिली टोपली भरली, आणि त्याने सवयीने ती शकुनपुढे धरली. तिनेही सवयीने वाकून श्वास ओढला. काहीच नाही. डोळे भरून आले तशी तिने टोपली त्याच्याकडे सरकवली.

"तुमी पाहा."

सहदेवने तंबाखू थुंकली, दोनदा चूळ भरली, टोपली नाकाशी धरली आणि डोळे मिटले. शकुन त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"अजून एकडाव घ्या," ती म्हणाली.