दप्तराचं लाल फडकं

देवाप्पा शहापूरच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठच्या चिंच गल्लीत राहायचा आणि खडेबाजारातल्या पाणी तपासणीच्या कचेरीत शिपाई होता. १९७७ साली ही कचेरी एका दुकानाच्या माडीवर उघडली, तेव्हा तिच्यात एक साहेब, एक शिपाई, दोन खुर्च्या आणि सहा डझन बाटल्या होत्या.

काम सोपं होतं. मोठा पाऊस झाला की गल्ल्या, गटारं, गोठे सगळं धुऊन पाणी नाल्यात येतं आणि नाला ते नेऊन नदीत टाकतो. त्या पाण्यात शहरानं काय काय सोडलंय ते पाहायचं. पाऊस लागल्यापासून अर्ध्या तासात बाटली भरायची, सकाळी साहेबांना द्यायची, साहेब ती बंगळूरला पाठवणार आणि तिकडून अहवाल येणार. हलगेकर साहेबांना सर्दी लवकर व्हायची, म्हणून पावसातला भाग देवाप्पाकडे आला.

देवाप्पानं तो मनापासून केला. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तो नाल्यात उतरायचा आणि भरलेली बाटली घरी आणायचा. पण साहेबाला द्यायचं पाणी तसंच कसं द्यायचं? दारात आलेल्या वाटसरूलासुद्धा गाळल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, असं त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं. हा तर साहेब. मग त्याची बायको तानीबाई जुन्या धोतराच्या चार पदरी फडक्यातनं ते पाणी गाळायची, तुरटी फिरवून ठेवायची, वास राहू नये म्हणून वाळ्याची जुडी टाकायची. बाटली राखेनं घासून निघायची. सकाळी साहेबांच्या टेबलावर नितळ पाणी हजर.

तीन पावसाळे असे गेले. दर अहवालात तेच. रंग नाही, गाळ नाही, वास सौम्य व आल्हाददायक. असा नाला साऱ्या राज्यात नाही म्हणून वरून साहेबांची पाठ थोपटली गेली, आणि साहेबांनी तो कागद चौकट करून भिंतीला लावला.

इकडे चिंच गल्लीला नळ नव्हता. सारी गल्ली नाल्याला लागून असलेल्या एका विहिरीवर जगायची. पाऊस पडला की नाला झिरपून विहिरीत यायचा. वरच्या बाजूला ज्या दिवशी ज्या रंगाचं सूत रंगवलं जाई, त्या दिवशी विहिरीला तो रंग. पोरांची पोटं पावसाळाभर धड नसायची. गल्लीनं नळासाठी अर्ज केला. उत्तर आलं की तुमच्या नाल्याचंच पाणी उत्तम असल्याचे अहवाल आहेत, सबब नळाची आवश्यकता दिसत नाही.

ते उत्तर आणि विहिरीचा भरलेला तांब्या घेऊन शेजारची सुलाबाई देवाप्पाच्या दारात आली. पाणी हिरवं होतं आणि वर तवंग होता.

"हे तुझं उत्तम पाणी," ती म्हणाली. "गल्लीतलाच माणूस तू, आणि तूच आमचा नळ तोडलास व्हय रं?"

"आक्का, मी तर लई चांगलं गाळून देत होतो," देवाप्पा म्हणाला. बोलला, आणि आपलंच बोलणं ऐकून उंबऱ्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांपुढं हात जोडून सगळं सांगितलं. गाळणं सांगितलं, तुरटी सांगितली. साहेबांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं.

"आणि तो वास?"

"वाळा, साहेब."

साहेबांची अडचण वेगळीच होती. तिन्ही वर्षांच्या कागदांवर त्यांची सही होती, आणि सहीखालचं खोटं ठरवायची रीत कचेरीत नव्हती. दोन दिवस विचार करून त्यांनी वाट काढली. गाळलेलं पाणी उत्तम हे तर सिद्धच आहे, मग गल्लीनं गाळूनच प्यावं. घरटी दोन हात सरकारी कापड मिळेल, आणि यापुढं तपासणीचं पाणीही त्याच कापडातून गाळावं, असा हुकूम निघाला. कापड आणायला कुठं जायला लागलं नाही. दप्तरं बांधायच्या लाल कापडाचा अख्खा तागा कपाटात पडून होता.

पुढचा पाऊस आला. देवाप्पा बाटली घेऊन घरी आला, तेव्हा तानीबाई त्या लाल फडक्याचा कोपरा बोटांत चोळून बघत होती.

"अवं, ह्याचा रंग जातोय. आधी तीन पाण्यातनं काढते."

देवाप्पानं हुकमाचा कागद उघडून पुन्हा वाचला. आजवर त्याच्या हातनं कुणाला घाण पाणी गेलं नव्हतं. ह्याच गोष्टीचा त्याला अभिमान होता. बाहेर सुलाबाईची नात दोन्ही हातांनी पोट धरून ओट्यावर बसली होती.

"धुवा म्हणून हुकमात लिवलेलं न्हाय," तो म्हणाला.

तानीबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि हातातली तुरटी कोनाड्यात ठेवून दिली.

सकाळी टेबलावर बाटली गेली ती कुंकू कालवल्यासारखी. साहेबांनी ती उजेडात धरली, हुकूम तंतोतंत पाळला गेलाय ना तेवढं विचारून घेतलं आणि पाठवून दिली. आठवड्याच्या आत तार आली. रंग गडद लाल, पाणी धोकादायक, वस्तीला तातडीने नळ द्यावा. रंग आला कुठून हे कुणी विचारलं नाही. त्या तारेचा कागद ज्या दप्तरात गेला, तेही त्याच ताग्यातल्या कापडात बांधलं होतं.

दिवाळीच्या आधी चिंच गल्लीत नळ आला. साहेबांना वेळीच दाखवलेल्या दक्षतेबद्दल बढती मिळाली, आणि तक्रार मिटली म्हणून नाल्याची तपासणी बंद झाली. उरलेल्या बाटल्यांत तानीबाईनं लोणच्याचं तेल भरलं.

नळाला पाणी आलं त्या पहिल्या दिवशी सुलाबाईनं आपल्या वाटणीचं लाल फडकं नाल्यावर नेऊन खळखळून धुतलं आणि नळाच्या तोंडाला बांधलं. त्याचा रंग लांबवर नाल्यातनं वाहत नदीकडे गेला. देवाप्पा काठावर उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होता. सवयीनं त्याचा हात बाटलीसाठी खिशाकडे गेला, पण खिसा रिकामा होता.